रोजच्या कामाच्या आज्ञावल्या

संगणकावर होणाऱ्या संपादनाच्या किंवा अभ्यासाच्या कामातला बराचसा वेळ प्रत्यक्षात किरकोळ कामांत जातो. फाइलींना नावे देणे, त्या क्रमाने लावणे, त्यांच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर ठेवणे, शेकडो पानांत तीच एक दुरुस्ती करणे, कोणते पान राहून गेले ते शोधणे, अशा या कामांपैकी एकही अवघड नसते; मात्र ती कंटाळवाणी असल्यामुळे आणि नेहमी दुसऱ्या महत्त्वाच्या कामाच्या घाईत उरकली जात असल्यामुळे चुका नेमक्या त्यांतच शिरतात, आणि त्या लक्षात येतात तेव्हा दुरुस्तीची वेळ बहुधा टळून गेलेली असते. अशा कामांसाठी वापरणाऱ्याने स्वतःपुरत्या लिहिलेल्या आठ-दहा किंवा फार तर पन्नास ओळींच्या आज्ञावल्या, ज्यांना व्यवहारात शेल स्क्रिप्ट म्हणतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखातली उदाहरणे जुन्या मराठी मासिकांच्या संगणकीकरणाच्या कामातली आहेत, कारण प्रस्तुत लेखकाच्या आज्ञावल्या त्याच कामात लिहिल्या गेल्या, बिघडल्या आणि पुन्हा लिहिल्या गेल्या.

वापरणाऱ्याने टंकलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून पार पाडून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. चित्रे आणि माउस यांच्या साहाय्याने चालणाऱ्या संगणकातही तो असतोच, आणि लिनक्स व मॅकओएस या प्रणालींत टर्मिनल नावाच्या खिडकीतून त्याच्याशी बोलता येते. आज्ञा एकेक करून देण्याऐवजी त्या एका फाइलीत ओळीने लिहिल्या आणि ती फाइलच शेलच्या हवाली केली की तिला स्क्रिप्ट म्हणतात. ही कल्पना शेल या शब्दाहून जुनी आहे. लुई पूझां या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात एमआयटीतल्या संगणकासाठी ‘रनकॉम’ नावाचा, आज्ञांच्या याद्या चालवणारा प्रोग्राम लिहिला, आणि शेल हे नावही पुढे त्यानेच दिले. आज बॅश या शेलच्या मांडणीची जी ‘बॅशआरसी’ नावाची फाइल असते तिच्या नावातली शेवटची दोन अक्षरे त्या रनकॉमचीच आहेत. बॅश स्वतः ब्रायन फॉक्स याने ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि तो १९८९ साली बाहेर आला.

रोजच्या कामाच्या दृष्टीने याहून मोलाची कल्पना पाइपची आहे. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली बेल प्रयोगशाळेतल्या एका टिपणात, बागेतल्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत अशी अपेक्षा लिहून ठेवली होती, आणि १९७३ साली केन टॉम्पसन यांनी ती युनिक्स प्रणालीत प्रत्यक्षात आणली. ओळी शोधणारा ग्रेप, मजकुरात बदल करणारा सेड, क्रम लावणारा सॉर्ट, लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करून मोजणारा युनिक, असे एकेकच काम जाणणारे छोटे प्रोग्राम पाइपने जोडले की एकाचे उत्तर दुसऱ्याचा प्रश्न बनते. मासिकाच्या वर्षभराच्या मजकुरातले सगळे शब्द सुटे करून, क्रमाने लावून, प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजून, एकदाच आलेले शब्द वेगळे काढणे हे काम अशा चार-पाच तुकड्यांच्या एका ओळीत होते. एकदाच आलेल्या शब्दांच्या त्या यादीत दुर्मीळ, सुंदर आणि आज विसरलेले शब्द असतात, आणि त्यांच्याच शेजारी यंत्राने चुकीचे वाचलेले शब्दही असतात. त्यामुळे मुद्रितशोधनाची सुरुवात त्या यादीपासून करणे सर्वांत सोयीचे जाते.

संगणकीकरणाचा क्रम सामान्यतः असा असतो. अंकाचे प्रत्येक पान स्कॅन होते, त्याची प्रतिमा सरळ केली जाते, मग टेसरॅक्टसारखा अक्षरओळखीचा प्रोग्राम त्या प्रतिमेतून मजकूर काढतो. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलेला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झालेला हा प्रोग्राम मराठीसह अनेक भाषा वाचतो. स्कॅनर मात्र पानांना केवळ चढता क्रमांक देतो. १८६७ साली सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ किंवा १८९५ साली का. र. मित्र यांनी सुरू केलेले ‘मासिक मनोरंजन’ यांच्या काळातल्या नियतकालिकांचा संदर्भ ‘पुस्तक अमुक, अंक अमुक, पान अमुक’ असा दिला जातो, म्हणून फाइलीच्या नावातही पुस्तक (म्हणजे खंड), अंक आणि पान या तिन्ही गोष्टी याच क्रमाने यायला हव्यात. नावे बदलण्याची आज्ञावली लिहायला घेतली तेव्हा ती अर्ध्या तासात होईल असे वाटले होते, आणि आज्ञांपुरता तो अंदाज बरोबरही ठरला; पण लिहिता लिहिता असे दिसले की मुखपृष्ठ पान म्हणून मोजायचे की नाही, जाहिरातींच्या पानांवर क्रमांक नसतो त्यांचे काय करायचे, आणि पृष्ठांक प्रत्येक अंकात नव्याने सुरू न होता वर्षभर सलग चालत असेल तर अंकाच्या सीमेवरचे कोरे पान कोणत्या अंकाचे धरायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठरलेले नव्हते. हाताने नावे देताना ही उत्तरे रोज दिली जात होती. फक्त ती सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरी होती. यंत्राला संदिग्ध सांगता येत नाही, त्यामुळे ते प्रश्न कागदावर मांडावे लागले, त्यांवर सहकाऱ्यांशी बोलावे लागले, आणि जाहिरातींच्या पानांना मागच्या छापील पृष्ठांकाला ‘ज’ जोडून नाव द्यायचे असा निर्णय झाला. वाचलेला वेळ हा अशा आज्ञावलीचा लाभ म्हणून नेहमी सांगितला जातो, परंतु त्या निर्णयाचे मोल वाचलेल्या वेळाहून कितीतरी अधिक होते.

आज्ञावलीची पहिली प्रत सात पानांपर्यंत बिनचूक चालली आणि आठव्या पानावर थांबली. पानांचे क्रमांक तीन आकडी, म्हणजे ००७, ००८ असे ठेवलेले होते, कारण तसे न केल्यास अक्षरानुक्रमाने लावताना १ नंतर १० आणि मग २ येतो. बॅशमध्ये मात्र शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतली, म्हणजे आठच अंक असलेल्या गणनेतली धरली जाते. तिथे आठ हा अंकच नसल्यामुळे ००८ ही संख्या त्याला अर्थहीन वाटते. थांबणे ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती. खरी अडचण ०१० या क्रमांकाची होती, कारण अष्टमानात त्याचा अर्थ आठ होतो आणि त्यात एक मिळवल्यास कोणतीही तक्रार न करता नऊ हे उत्तर येते. ही संख्या दशमान आहे असे सांगणारी खूण आकड्यापुढे जोडली की प्रश्न मिटतो. पण ती खूण तिथे का आहे हे शेजारी लिहून ठेवले नाही, तर वर्षभराने कोणीतरी, बहुधा लिहिणाराच, ती अनावश्यक समजून काढून टाकतो.

फाइलीच्या नावातली मोकळी जागा हाही असाच नेहमीचा खड्डा आहे. ‘दिवाळी अंक’ असे दोन शब्दी नाव अवतरणचिन्हांत न ठेवता शेलला दिले तर तो त्याचे दोन तुकडे करतो आणि ‘दिवाळी’ व ‘अंक’ या दोन वेगळ्या फाइली शोधू लागतो. आज्ञा पुसण्याची असेल आणि ‘अंक’ नावाची फाइल खरोखरच तिथे असेल, तर ती पुसली जाते.

मराठी मजकुराशी गाठ पडल्यावर या छोट्या प्रोग्रामांचे वागणे अधिक बारकाईने समजून घ्यावे लागते. देवनागरी अक्षरे संगणकात युनिकोड या संकेतप्रणालीनुसार साठवली जातात आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणुकीचे तीन घटक लागतात. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोडच्या हिशेबाने तो पाच चिन्हांचा आहे आणि साठवणुकीत पंधरा बाइटांचा. आता ‘दऱ्या’ हा शब्द घ्यावा. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडक चिन्ह देऊन. पहिल्या प्रकारात शब्द पंधरा बाइटांचा होतो, दुसऱ्यात अठरा. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण ग्रेपने एक शोधले तर दुसरे सापडत नाही. काही पाने यंत्राने वाचलेली आणि काही निरनिराळ्या कळफलकांवर टंकलेली असली की दोन्ही रूपे एकाच लेखात नांदतात. तीच गोष्ट ‘ॲ’ची. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई आणि अजूनही पुष्कळ मजकुरात ते जुने रूप भेटते. युनिकोडची स्वतःची प्रमाणीकरणाची रीत या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडत नाही, कारण तिच्या लेखी ही रूपे मुळात वेगळी आहेत.

म्हणून सेड वापरून एक प्रमाण रूप ठरवणारी दहा ओळींची आज्ञावली करावी लागली, आणि तिच्यात ओळींचा क्रम किती निर्णायक असतो ते पहिल्याच फेरीत कळले. अदृश्य चिन्हे मजकुरात नकोत या समजुतीने ती काढून टाकणारी ओळ सर्वांत वर ठेवली होती. परिणामी ‘दर्‍या’मधले जोडक चिन्ह गेले आणि उरला तो ‘दर्या’, म्हणजे सह्याद्रीच्या दऱ्यांचे वर्णन करणाऱ्या लेखात जागोजाग समुद्र आला. यंत्राच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नव्हते आणि शब्दकोशाशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामलाही आक्षेप घेण्याचे कारण नव्हते, कारण ‘दर्या’ हा खराखुरा शब्द आहे. चूक सापडली ती लेख वाचताना, आणि वाचल्याशिवाय ती सापडली नसती. त्यानंतर क्रम उलटा झाला: आधी जोडक असलेला र प्रमाण ‘ऱ’मध्ये बदलायचा, मग उरलेल्या अदृश्य चिन्हांकडे वळायचे, आणि बदललेल्या प्रत्येक शब्दाची जुन्या-नव्या रूपांसह एक यादी शेवटी दाखवायची. ही यादी दाखवण्याची सवय प्रस्तुत लेखकाने पुढे प्रत्येक आज्ञावलीला लावली. कामे मुकाट्याने करणारी आज्ञावली वापरायला सुखाची असते खरी, पण मजकुराच्या कामात तिच्यावर विश्वास टाकणे योग्य नाही.

ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांसाठी क्रॉन नावाची सोय असते. मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना आणि वार अशा पाच रकान्यांत वेळ सांगितली की नेमलेली आज्ञावली त्या वेळी चालते. छापील पृष्ठांक देवनागरी अंकांत असतात आणि फाइलींच्या नावांत इंग्रजी अंक, म्हणून राहिलेली पाने शोधण्यासाठी आधी ०१२३ अशा अंकांचे रूपांतर करून मग दोन्ही याद्या ताडून पाहणारी एक आज्ञावली रात्री चालावी अशी योजना केली होती. ती दिवसा हाताने चालवली की चाले आणि रात्री चालत नसे. याचे कारण असे की माणूस टर्मिनल उघडतो तेव्हा भाषा आणि लिपी यांविषयीच्या त्याच्या निवडी शेलला ठाऊक असतात, पण क्रॉनकडून सुरू झालेल्या कामापर्यंत त्या बहुधा पोहोचत नाहीत. त्या अवस्थेत सेडला देवनागरी अंक हे अंक म्हणून दिसत नाहीत, केवळ बाइट दिसतात. दहा देवनागरी अंक म्हणजे तीस बाइट आणि दहा इंग्रजी अंक म्हणजे दहा, तेव्हा दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही असे म्हणून तो काम नाकारतो. नाकारल्याची नोंद कुठे जावी हे सांगितलेले नसल्यामुळे कित्येक रात्री कोणाला काही कळले नाही, आणि राहिलेल्या पानांची यादी रिकामी आहे याचा अर्थ सगळी पाने आली आहेत असा घेतला गेला. आज्ञावलीच्या वरच्या ओळीत लिपीची निवड स्पष्ट लिहिणे आणि रिकाम्या यादीच्या जागी ‘इतकी पाने तपासली’ असे वाक्य मिळवणे, एवढ्या दोन दुरुस्त्यांनी प्रश्न सुटला.

सर्वांत महाग पडलेली चूक मात्र प्रती ठेवण्याच्या कामातली होती. आरसिंक हा प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. दोन ठिकाणच्या फाइलींमधला नेमका फरक तेवढा पाठवून दुसरी प्रत पहिलीसारखी करणे ही त्याची खुबी आहे. मूळ ठिकाणी जे नाही ते प्रतीतूनही पुसावे असे त्याला सांगता येते, आणि नावे बदलल्यावर जुन्या नावांच्या फाइली प्रतीत साचू नयेत म्हणून तसे सांगितलेले होते. एका रात्री स्कॅन केलेली पाने ज्या डिस्कवर होती ती संगणकाला जोडलेली नव्हती. तिच्या नावाचे फोल्डर मात्र जागेवर होते, रिकामे. आरसिंकने दिलेली आज्ञा पाळली आणि प्रतही रिकामी केली. पुढे ती डिस्कही उघडेना, तेव्हा एका मासिकाचे एक संपूर्ण पुस्तक पुन्हा स्कॅन करावे लागले. वेळ गेला याचे दुःख थोडे. जुना, पिवळा पडलेला कागद एकदा उलगडतानाच कडेने तुटतो, आणि असे पुस्तक दुसऱ्यांदा उघडावे लागणे ही त्या पुस्तकाची कायमची हानी आहे. त्या खेपेला तीन पानांच्या आतल्या समासाजवळची अक्षरे गेली आणि ती परत येणार नाहीत. आता त्या आज्ञावलीच्या सुरुवातीला, मूळ डिस्कवर ‘इथेच आहे’ नावाची एक छोटी फाइल आहे का हे पाहिले जाते आणि ती नसेल तर काम थांबते. एका फेरीत ठरलेल्या संख्येहून अधिक फाइली पुसल्या जाऊ नयेत अशी मर्यादाही घातलेली आहे. तिसरी प्रत वेगळ्या इमारतीत असते, आणि तिच्यात काहीही आपोआप पुसले जात नाही.

आज्ञावलीत # या चिन्हाने सुरू होणारी ओळ शेल वाचत नाही. ती माणसासाठीचा शेरा असते. हे शेरे आपल्या भाषेत लिहावेत असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत अनुभवाने झाले आहे. इंग्रजीत लिहिलेला शेरा बहुधा आज्ञेचेच भाषांतर करून थांबतो, तर मराठीत लिहिताना ‘जाहिरातींची पाने मोजू नका, संपादकांशी बोलून ठरले आहे’ अशी कारणे सहज उतरतात, आणि पुढच्या माणसाला हवी असतात ती कारणेच.

या सर्व कामांत आज्ञावलीने कुठे थांबावे हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो जुन्या लेखनपद्धतीपुढे. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘करावें’, ‘कांहीं’, ‘गांव’ असेच लिहिले जाई. मूळ मजकुराला हात लावायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते, पण आज ‘काही’ असे टंकून शोधणाऱ्या वाचकाला ‘कांहीं’ सापडावे यासाठी त्या मजकुराच्या शेजारी एक वेगळी शोधप्रत तयार करणे आवश्यक होते. शब्दाच्या शेवटी ईकार, ऊकार, एकार किंवा ओकार यांवरचा अनुस्वार काढायचा, पण अकारावरचा ठेवायचा, कारण संवादांतल्या ‘केलं’, ‘सांगितलं’ यांतला अनुस्वार उच्चारात असतो आणि ‘स्वयं’मधलाही; शब्दाच्या मध्ये असलेल्या अनुस्वारांसाठी ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ अशी हाताने केलेली यादी वापरायची. इतके नियम आज्ञावलीला सांगता येतात.

‘घरांत’ हा शब्द मात्र तिला सांगता येत नाही. जुन्या पद्धतीत एका घराच्या आत असा अर्थ असला तरी ‘घरांत’ लिहीत आणि अनेक घरांच्या आत असा असला तरीही ‘घरांत’च, आजच्या पद्धतीत पहिले ‘घरात’ होते आणि दुसरे ‘घरांत’ राहते. दोहोंपैकी कोणते हे शब्दावरून ठरत नाही, वाक्यावरूनही नेहमी ठरत नाही. म्हणून अशा शब्दांपाशी आज्ञावली काहीच करत नाही. ‘शांत’, ‘प्रांत’, ‘वृत्तांत’ असे शब्द वगळून ‘ांत’ने संपणारे उरलेले शब्द ती पुस्तक, अंक आणि पान यांच्या क्रमांकांसह आणि मागच्यापुढच्या एकेका ओळीसह एका फाइलीत लिहून ठेवते, आणि ती फाइल सकाळी छापून टेबलावर ठेवली जाते. बहुतेक नोंदींपुढे पेन्सिलीने खूण करायला काही क्षण पुरतात. एखाद्या प्रवासवर्णनातला ‘डोंगरांत’ मात्र एकाच डोंगरातला आहे की साऱ्या रांगेतला, हे कळण्यासाठी लेखक कुठून निघाला आणि मुक्कामाला कुठे पोहोचला ते पाहावे लागते, त्यासाठी मागचा अंक काढावा लागतो, आणि तशा दिवशी त्या एका ओळीपुढे खूण करायला दुपार होते.